विषाणूंची भावकी सांगणाऱ्या आमच्या गिरिजाअक्का

आधीच एक कबूल करून टाकतो, म्हंजी पुढचं लिहायला हात मोकळा होतो. ज्या डॉक्टर गिरिजाअक्कांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघायलाय, त्यांनी गोळा केलेल्या रक्ताच्या दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी आदलाबदल केल्या होत्या. चुकून न्हाई, मुद्दाम. हसायला.

मी दत्ता, दुबलगुंडीचा. शिक्षण नववी, ती पण मास्तरांनी दया केली म्हणून. अक्कांची गाडी चालवतो. ह्या ग्रंथात माझ्या मागं-पुढं मोठमोठे डॉक्टर आन् प्रोफेसर लिहायलेत. त्यांच्यात माझं काय काम, असं मी संपादक गुरुजींना इचारलं. ते म्हणले, "तू बोलतोस तसं लिही. शुद्ध लिहायच्या नादाला लागलास तर खोटं लिहिशील." म्हणून हे असं. सांभाळून घ्या.

अक्कांची पहिली भेट चिटगुप्प्याच्या बसस्टँडसमोर झाली. मी चुलत्याची जीप घेऊन भाड्याची वाट बघायलो होतो. एक पांढऱ्या केसांच्या, कपाळाला इबूत लावलेल्या बाई आल्या आन् गाडीचे टायर एकेक करून हातानं दाबून बघायल्या. मी म्हणलं, "अक्का, कलिंगड न्हाई ते, पिकलंय का बघायला."

त्यांनी वर बघितलं. "दारू पितोस?"

"न्हाई अक्का. आईची आन."

"तिची कामून घेतलीस? स्वतःची घे."

मी स्वतःची घेतली. जरा हळू आवाजात घेतली.

"खड्डे चुकवता येत्यात?"

"ह्या रस्त्यावर खड्डे चुकवायचे म्हंजी गाडी शेतातून न्यावी लागती."

"मग शेतातून ने. मी रक्त घेऊन फिरते, तम्मा. नळ्या हिंदकळल्या की रक्त नासतं. एक नळी नासली तर तेवढं तुझ्या दंडातनं काढीन."

त्या दिवसापासून मी त्यांचा तम्मा, म्हंजी कानडीत धाकटा भाऊ, आन् त्यांच्यासंगंच हाय. चुलता म्हणतो, जीप गेली ती गेली, पोरगा पण गेला.

अक्का आडत दुकानदाराची लेक. घरात कानडी, दुकानात मराठी, आन् बिदरकडचं गिऱ्हाईक आलं की दखनी, अशा तीन भाषांत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. म्हणून कुठल्या बी गावात उतरल्या की माणसं त्यांना आपल्यातलीच समजत्यात. शिकल्या लई, परदेशात पण राहून आल्या. तरी आल्या त्या ह्याच बिदर-कलबुर्गीच्या धुळीत. त्यांचं काम म्हंजी काविळीचे विषाणू. हे विषाणू कुठल्या माणसांत कुठल्या जातीचे हायत, गावातल्यांत कुठले, आन् पिढ्यान् पिढ्या रानाकडंला राहिलेल्या आदिवासी वस्त्यांत कुठले, हे त्या शोधत्यात.

मला पहिल्या महिन्यात ह्यातलं काय बी कळत नव्हतं. मला वाटायचं, कावीळ म्हंजी कावीळ. डोळे पिवळे झाले, झाडपाल्याचं औषध प्यालं, संपलं. एकदा वाटेत टायर पंक्चर झाला. मी टायर काढायलो होतो. अक्कांनी गाडीच्या बॉनेटवर साचलेल्या धुळीत बोटानं पाच घरं काढली. म्हणल्या, "कावीळ एक न्हाई. हिची पाच घराणी हायत. ए आन् ई, ह्या दोघी घाण पाण्यातून येत्यात. बी आन् सी रक्तातून. सुईतून, वस्तऱ्यातून, आईकडून लेकराला. आन् डी ही बी आसल्याशिवाय येतच न्हाई."

मी म्हणलं, "म्हंजी आमच्या भाऊजीसारखी. माझी बहीण आमच्या घरी आसल्याशिवाय पाऊल टाकत न्हाईत."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना गाडीला टेकावं लागलं. पुढच्या परिषदेत त्यांनी हे सांगितलं म्हणत्यात. माझ्या भाऊजीला आजून ठावं न्हाई.

मग त्यांनी बीच्या घरातून फांद्या काढल्या. फांदीला फांदी, तिला आजून फांदी. "विषाणू स्वतःची नक्कल काढतो. नक्कल काढताना चुकतो. ती चूक पुढच्याकडं जाती, त्याच्या पुढच्याकडं जाती. लई वर्षांनी कुणाच्या चुका कुणाशी मिळत्यात ते बघितलं, की कोण कुणाचा, कुठून आला, कधी वेगळा निघाला, सगळं कळतं."

मी हातातला पाना खाली ठेवला. "अक्का, ही तर भावकी झाली!"

"व्हय. भावकीच."

"आमच्या घराण्यात सगळ्यांची करंगळी वाकडी हाय. कुठं बी लग्नात वाकडी करंगळी दिसली की आई म्हणती, हा आपल्यातलाच."

"अगदी तेच. मी विषाणूंच्या करंगळ्या बघते."

चुकांनी ओळख पटती, हे ऐकून मला जो आनंद झाला तो काय सांगू! आमची तर सगळी ओळख चुकांचीच. टायर तसाच सोडून मी इचारतच बसलो, गावातल्या विषाणूची भावकी कुठली, वस्तीतल्याची कुठली, दोघांची सोयरीक झाली का. शेवटी अक्काच म्हणल्या, "आधी चाक लाव."

त्यांची काम करायची रीत बघण्यासारखी. वस्तीत गेल्या की आधी कुणाला सुई टोचत न्हाईत. खाली बसत्यात, स्वतःची बाही वर करत्यात आन् संगतीच्या नर्सताईला म्हणत्यात, "माझं काढ." सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नवी सुई फोडायची, अक्कांचं रक्त काढायचं, सुई मोडून डब्यात टाकायची. मग म्हाताऱ्या बाया आपणहून दंड पुढं करत्यात. आन् दुसरी रीत ही, की नाव आन् रोग त्यांच्या एका तोंडातून कधी निघत न्हाईत. नळीवर नुसता आकडा. कुणाला काय निघालं ते त्या माणसाला एकट्याला, त्याच्या घरात, खाली बसून सांगायचं. तिथं नवरा आला तरी अक्का गप होत्यात. "तिला इचारते, मग तुला सांगते."

ह्या रितीचं मोल मला त्या गावात कळालं. गावाचं नाव सांगत न्हाई. गावाला लागूनच गोंडांची जुनी वस्ती. दोघांना मिळून एकच नळ. त्या साली गावात कावीळ झाली होती, आन् गावातले थोरले सिद्रामप्पा पारावर बसून म्हणायचे, "हे वस्तीतनं येतंय. त्यांच्या घागरी नळाला लागू देऊ नका." अक्का आल्यावर त्यांनी अक्कांनाच गाठलं. "डॉक्टरीणबाई, तुमच्या मशिनीतून तेवढं काढून द्या. वस्तीतलं हाय म्हणून. कागूद मिळाला की नळाचं आम्ही बघतो."

अक्का त्यांच्याच ओट्यावर बसून त्यांच्याच घरचं पाणी पीत म्हणल्या, "आप्पा, मशीन जे हाय ते सांगंल. तुमच्या मनातलं सांगाया तिला कानडी बी येत न्हाई, मराठी बी येत न्हाई."

आप्पा हसले, पण वरवर.

त्याच वस्तीत माझा दोस्त भीमू. आम्ही शाळेत एका बाकावर नापास झालेलो. भीमू हलगी अशी वाजवतो की बैल पण ताल धरत्यात. त्याची बायको रेणुकावैनी, तिचं सासर-माहेर त्याच वस्तीत. तेव्हा ती पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तिचं माझं कायम जुंपलेलं. मी तिला चिडवायचं, तिनं मला झाडू दाखवायचा. त्या दिवशी तिचं रक्त काढलं आन् लगेच माझं, गाडीवाला म्हणून. नळ्यांचा स्टँड माझ्या हातात. नर्सताई पाणी प्यायला गेली. रेणुकावैनी म्हणली, "दत्त्या, तुझ्या रक्तात काय निघणार? चहा निघंल नुसता."

आन् माझ्या डोक्यात किडा वळवळला. अक्का म्हणत्यात भावकी कळती. बघू तर खरं! मी दोन्ही चिठ्ठ्या नखानं उचलल्या आन् इकडची तिकडं लावल्या. वैनीनं बघितलं. तिला वाटलं मी नीट चिकटवायलोय.

मग मी विसरून गेलो. खरंच विसरलो. खोड काढायची आन् विसरायची, ही माझी जुनी सवय.

मधी काही दिवस गेले. एका दुपारी अक्कांनी मला कलबुर्गीच्या आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं. मला वाटलं पगार वाढवायल्यात. त्या समोर खाली बसल्या. अक्का खाली बसल्या की काय सांगत्यात ते मला ठावं होतं.

"तम्मा, तुझ्या रक्तात काविळीतली बी निघालीय. घाबरू नको, ह्याला इलाज हाय. पण मला एक अडलंय. तुझ्यातल्या विषाणूच्या सगळ्या चुका एका वस्तीतल्या एका घराशी मिळायल्यात. आज्जी, आई, लेक, अशी चालत आलेली ओळ हाय ती. गावातल्या भावकीतलं त्यात काहीच न्हाई. मी तीनदा बघितलं. तू त्या घरात जन्मल्याशिवाय हे होत न्हाई. तुझी आई कुठली?"

माझी आई हुमनाबादची. आन् मला सगळं आठवलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा भीती न्हाई वाटली. अंगात वीज गेल्यासारखं झालं. मी उठून उभाच राहिलो. "अक्का! कळालं! तुमच्या मशिनीला कळालं! ती मी न्हाईच, ती रेणुकावैनी हाय! मी चिठ्ठ्या बदललेल्या, आन् मशिनीनं ते धरलं!"

मी हसायलो होतो. अक्का हसल्या न्हाईत.

"रेणुका," त्या म्हणल्या. "तिला मी परवाच सांगून आले, तुझ्यात काही न्हाई म्हणून. तिचं बाळ कधी बी येईल, दत्ता. आईत बी आसली तर जन्मल्या जन्मल्या बाळाला दोन सुया द्याव्या लागत्यात. एक लस, ती सगळ्याच बाळांना मिळती. दुसरी रोगाशी लढायची तयार ताकद देणारी, ती फक्त आईत बी आसलेल्यांना. ती कुणी आणून ठेवली नसती. मीच सांगून आले होते, गरज न्हाई म्हणून."

मी खाली बसलो.

"आन् आजून एक. हे असंच राहिलं आसतं, तर कागदावर काय आलं आसतं? वस्तीतला विषाणू गावातल्या पोरात. सिद्रामप्पांना जे पाहिजे ते तू तुझ्या नखानं दिलं आसतंस."

मला शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं. अक्कांनी दिल्या न्हाईत. मोठ्या फ्रिजवाल्या दवाखान्यात फोन लावला, दुसऱ्या सुईची सोय केली, आन् म्हणल्या, "गाडी काढ. वस्तीत गेल्यावर तू सांगायचं. मी न्हाई."

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार न्हाई. दवाखान्यातून सुई घेतली, बर्फाचा डबा अक्कांच्या मांडीवर. बर्फ वितळता कामा नये, डबा हिंदकळता कामा नये, आन् उशीर तर होताच कामा नये. मी गाडी शेतातून घातली, वाळल्या ओढ्यातून घातली. एका तुरीवाल्यानं दगड उचलला तर अक्काच खिडकीतून ओरडल्या, "अण्णा, बाळंतीण हाय, बाळंतीण!" त्यानं दगड टाकला आन् बांधावरची काटेरी फांदी बाजूला ओढून वाट करून दिली.

वस्तीत पोचलो. रेणुकावैनी दारात तांदूळ निवडायली होती. बघूनच जीव भांड्यात पडला, बाळ आजून आत होतं. मी सगळं सांगितलं, एका दमात. तिला आधी चिठ्ठीचं तेवढं कळालं. "दत्त्या, मुडद्या, तुझा चहा माझ्या नळीत घातलास व्हय!" म्हणून तिनं सूपच फेकून मारलं. तांदूळ माझ्या डोक्यावर. मग अक्का तिच्याजवळ खाली बसल्या, मी बाहेर आलो. डोक्यातले तांदूळ वेचून सुपात टाकत बसलो.

थोड्या वेळानं वैनीनं भीमूला आत बोलावलं. तो बाहेर आला तो माझी कॉलर धरूनच. "लेकराला काय झालं तर?" एवढंच म्हणला.

अक्कांनीच सोडवलं. "भीमू, त्याला मारून सुई लवकर लागत न्हाई. त्याला गाडी चालवायची हाय." वैनीचं आन् माझं रक्त परत काढलं. ह्या बारीला चिठ्ठ्या अक्कांनी स्वतः लावल्या, आकडा मोठ्यानं वाचून. मला स्टँडपासून चार हात लांब उभं केलं होतं. भीमूचं पण काढलं. वैनीला त्या दिवसापासून रोजची गोळी चालू केली.

माझं आन् भीमूचं कोरं निघालं. वैनीच्या रक्तात बी-कावीळ निघाली, तिच्या आईच्या ओळीतली, जसं मशिनीनं सांगितलं होतं तसंच.

बाळ आलं ते भर दुपारी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. पोरगी. अक्का दोन दिवस तिथंच बाकड्यावर होत्या. बाळ रडलं की त्या उठल्या, आन् दोन्ही सुया दोन्ही मांड्यांत गेलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. मग बाहेर येऊन मला म्हणल्या, "आता भूक लागली." आम्ही समोरच्या गाड्यावर भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुसला आन् मिरची भजी खाल्ली. अक्कांनी दोन प्लेटी खाल्ल्या. डॉक्टरांना चालतंय वाटतं.

मला त्यांनी कामावरून काढलं न्हाई. मी इचारलं, "कामून ठेवलंत, अक्का?" त्या म्हणल्या, "तू गप बसू शकला आसतास. मला कधी कळालं नसतं तू बोलला नसतास तर. नुसतं अडलं आसतं." मग बीची लस घ्यायला लावली मला, सगळ्या सुया. प्रत्येक सुईला नर्सताई म्हणायची, "चिठ्ठी बदलू का?"

सिद्रामप्पांचं पण सांगतो. अक्कांनी पारावर सगळ्या गावाला बसवून, खडूनं फरशीवर दोन झाडं काढली. नाव एक न्हाई, आकडा एक न्हाई. "आप्पा, ही गावातल्या बीची भावकी, ही वस्तीतल्या बीची. दोघींचं येणं-जाणं न्हाई. गावातली गावातच फिरायली, एकाच सुईनं टोचणाऱ्यांकडं आन् एकाच वस्तऱ्यानं दाढी करणाऱ्यांकडं. आन् ही नळातून येतच न्हाई, घागरीतून येतच न्हाई. तुमच्याकडची ह्या सालची कावीळ दुसऱ्या घराण्यातली, नळाच्या फुटक्या पाइपातली हाय. तो पाइप गटारीतून गेलाय."

आप्पांनी दाढीवरून हात फिरवला. मग गावच्या न्हाव्याला म्हणले, "आरं, माझं ब्लेड येगळं ठिव." नळाचा पाइप बदलला. वस्तीच्या घागरी नळाला लागत्यात, आजून लागत्यात.

पण सुया दिल्या म्हंजी झालं, असं न्हाई. बाळ वर्षाचं व्हायला आलं की रक्त बघायचं, तेव्हा खरं कळणार. वर्षभर वैनी मला झाडू दाखवायची, पण हसायची न्हाई. मी पण तिला चिडवायचं बंद केलं. वस्तीत कुणालाच ठावं नव्हतं. ठावं ते फक्त ती दोघं, अक्का आन् मी. लेकीच्या लग्नात कुणी बोट दाखवंल म्हणून वैनीनं सासूला पण सांगितलं न्हाई.

ह्या महिन्यात ते झालं. मी कलबुर्गीला गाडीत बसून होतो. अक्का बाहेर आल्या, मागं बसल्या आन् म्हणल्या, "रेणुकाकडं घे."

"काय निघालं, अक्का?"

"आधी तिला."

मी आरशात त्यांचं तोंड बघायचा प्रयत्न केला, तर त्यांनी पदर घेतला. आसल्या बाई हायत त्या!

वस्तीत त्या आत गेल्या, मी जीपजवळ. आतून वैनी ओरडली, रडली, का हसली, मला आजून सांगता येत न्हाई. आन् भीमू बाहेर आला. खुंटीची हलगी काढली, चुलीच्या जाळावर तापवली, आन् भर दुपारी, ना लगीन ना जत्रा, अशी वाजवली की कोंबड्या छपरावर गेल्या. पोरीचं रक्त कोरं! मी जीपचा हॉर्न दाबूनच धरला. अक्का दारात उभ्या, डोळे पुसायल्या.

सगळी वस्ती धावत आली. एक आज्जी म्हणली, "काय रं भीम्या, काय झालं?"

भीमू थांबला. माझ्याकडं बघितलं, वैनीकडं बघितलं. मग जोरात म्हणला, "पोरगी चालायली!"

सगळ्यांनी पोरीकडं बघितलं. पोरगी धुळीत फतकल मारून माती खायली होती. वैनीनं तिला पटकन् दोन्ही हातांनी धरून उभं केलं, तर तिनं पाय पोटाशी घेतले आन् बोंब ठोकली.

"ही चालायली?" आज्जी म्हणली.

"आत्ता चालली होती, आज्जी," मी म्हणलं. "तुमची नजर लागली."

तर मंडळी, गिरिजाअक्का साठ वर्षांच्या झाल्या. त्यांनी शंभरी गाठावी, गुडघे, डोळे आन् भजी पचवायचं पोट आसंच शाबूत राहावं, आन् मी म्हातारा झालो तरी त्यांनी मागं बसून मला म्हणावं, "शेतातून ने." दुसरं काय मागू?

हे मी वैनीला इचारून लिहिलंय. तिचं नाव, भीमूचं नाव खरं न्हाई. तरी तुम्हांपैकी कुणी त्या बाजूचं आसंल, त्या दुपारची हलगी ऐकली आसंल, तर हात जोडतो, पाया पडतो तुमच्या. पोरगी आजून चालत न्हाई, भिंत धरून नुसती उभी राहती. पण कुणी इचारलंच तर हलगी ती चालली म्हणूनच वाजली होती. कुणाला सांगू नका.